आबासाहेबांच्या भाषणाला कात्री

हेरंब केरकर आपले सिनेमे स्वतःच काढायचा आणि स्वतःच त्यांचं संपादन करायचा. लाकडी खेळणी रंगवणाऱ्या सुमतीबाईंवरच्या सिनेमाला आबासाहेबांनी पैसा दिला आणि अट घातली, "बाईंच्या खेळण्यांच्या प्रदर्शनातलं माझं भाषण पूर्ण ठेवायचं. लांबी वाढली तर बाईंचं रंगकाम काप."

बाई समोरच बसल्या होत्या. तरी हेरंब "बरं" म्हणाला. त्यानंतर त्यांच्याकडे बघायचीसुद्धा त्याला लाज वाटू लागली.

पहिल्या खेळाला हेरंब सवयीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांचे चेहरे बघत उभा राहिला. दिवे लागताच आबासाहेब सगळ्यांदेखत गुरगुरले, "भाषण ठेवलंस ते ठीक. पण बाईंचं का नाही कापलंस? एवढा लांब सिनेमा कोण बघणार?"

"आबासाहेब, प्रेक्षक जिथे कंटाळतो तिथे मी कात्री लावतो. बाई घोड्याचा डोळा रंगवत होत्या, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आलेला चहासुद्धा परत पाठवला. भाषण सुरू झालं तसा त्यांनी मोबाईल काढला, तो भाषण संपेपर्यंत खाली ठेवला नाही."

"कोण हा शहाणा?"

"तुम्हीच. आता सांगा, काय कापू?"

सभागृहात हशा पिकला. आबासाहेब मोबाईल खिशात सारत पुटपुटले, "काप भाषण."

लोक हेरंबची पाठ थोपटून गेले. शेवटी सुमतीबाई आल्या.

"छान बोललास रे," त्या म्हणाल्या. "मला त्या दिवशी वाटलं, तुला त्यांच्यापुढे बोलताच येत नाही."

हेरंबला मान वर करता आली नाही.