बिनगळाची मासोळी

लहानपणी ऐकलेला एक आवाज अजून कानात आहे. खर्र, खर्र, मग एक फुंकर, आणि पुन्हा खर्र. आमच्या गावात नदीच्या उताराला एक वृद्ध गृहस्थ पांगाऱ्याचे लाकूड कानशीने घाशीत बसत. गळाला लावायची लाकडी मासोळी ते करीत. हात चालू ठेवूनच त्यांनी ही कथा मला सांगितली. मला आठवते तशी सांगतो.

पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने नगराबाहेर नदीकाठी एका कातारी घरात जन्म घेतला. लाकूड कातून खाटेचे खूर करायचे आणि खाटा बांधून द्यायच्या, हा घरचा धंदा. वडिलांच्या मागे त्याने तोच चालवला. खाटेवर स्वतः बसून पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही, ही वडिलांची शिस्तही त्याने पाळली. त्याच्या बायकोचे नाव वसुला. संसारात फार काही नव्हते, पण कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

बोधिसत्त्वाला एक छंद होता. उरलेल्या लाकडातून तो बोटभर लांबीची मासोळी कोरी. तिला लाखेचा रंग देई, डोळ्यांच्या जागी गुंजा बसवी, आणि पाण्यात उलटू नये म्हणून पोटात शिशाची गोळी घाली. हनुवटीखाली शिंपल्याची चकती असे. दोरीने ओढली की मासोळी जिवंत असल्यासारखी अंग हलवत येई. गळ मात्र तो लावीत नसे. मासा धरायचे त्याच्या मनातच नव्हते.

संध्याकाळी तो डोहावर जाई आणि मासोळी पाण्यात सोडी. मोठे मासे तिच्यामागे येत, तिला तोंडात धरत. मग तो त्यांना पिठाच्या गोळ्या टाकी. हळूहळू मासे मासोळी तोंडात धरून थेट काठापर्यंत येऊ लागले. त्यांत एक म्हातारी मादी होती. तिच्या कल्ल्यापाशी पांढरा डाग होता. ती त्याच्या पावलाला तोंड घाशी, तेव्हा तो श्वास रोखून उभा राही.

वसुला म्हणे, “पीठ आपल्यासाठी दळते मी की तुमच्या पाहुण्यांसाठी, एकदा सांगा तरी.”

एके दिवशी त्याचा बालमित्र भद्रिल घरी आला. नगरात त्याचे दोर आणि गळांचे दुकान होते. कोनाड्यात ओळीने ठेवलेल्या मासोळ्या पाहून तो उठून उभाच राहिला.

“अरे, हे काय लपवून ठेवलंयस? मला पन्नास करून दे.”

“मी गळ लावत नाही, भद्रिल.”

“तू नको लावूस. लोहार लावेल. तू लाकडाचं काम तेवढं कर. खाटा उचलून खांदा गेलाय तुझा. वहिनींना विचार, किती कण्हतोस ते.”

वसुला आतून म्हणाली, “भावोजी, कण्हणं परवडलं. पण दुखत नाही म्हणून सांगत बसतात, ते ऐकवत नाही.”

बोधिसत्त्वाने विचार केला. लोक गळ टाकतातच. माझी मासोळी नसली तर गांडूळ लावतील. खांद्याला आराम पडेल, वसुलेला बरे दिवस येतील. तो हो म्हणाला.

धंदा चालला. चार महिन्यांत खाटांचे काम सुटले. अंगणात लाकडाच्या भुशाचा ढीग झाला, गावात त्याला लोक मासोळीवाला म्हणू लागले, आणि ते त्याला आवडू लागले. वडिलांची शिस्त त्याने इथेही मोडली नाही. प्रत्येक मासोळी तो डोहात बिनगळाची सोडून पाही, मासे तिला धरून काठाशी येत, तो पीठ टाकी, आणि मगच ती भद्रिलाकडे जाई. धंदा वाढला तसा डोहावरचा वेळही वाढला. पुढे मासे कमी दिसू लागले. पाणी वाढलेय, खाली गेले असतील, असे त्याने मनाला सांगितले.

मग भद्रिल हसत हसत आला. “गड्या, एक गंमत सांगतो. तुझी मासोळी वरच्या वळणावर चालत नाही. तीन दिवस बसले लोक, एक मासा नाही. खालच्या बंधाऱ्यावरही नाही. पण इथे तुझ्या डोहात टाकली की मासा आलाच! आता मी सगळ्यांना इथेच आणतो. राजाच्या उत्सवाला शंभर माणसं येतील बघ. आठ दिवस राहिलेत.”

बोधिसत्त्वाच्या हातातली कानस थांबली. आपल्या हाताला कसब आहे असे तो समजत होता. ते लाकूड काही विशेष नव्हते. डोहातल्या माशांना त्यानेच शिकवले होते की गुंजेच्या डोळ्यांची मासोळी दिसली की भिऊ नये.

त्या दिवशी तो जेवला नाही. वसुलेने विचारले तेव्हा त्याने सगळे सांगितले.

“मग काम बंद करा,” ती म्हणाली.

“ते करीनच. पण विकलेल्या मासोळ्या लोकांच्या हातात आहेत. मासे येतच राहतील.”

“मग?”

“त्यांनी मला भ्यायला हवं.”

वसुलेने पिठाचे मडके झाकून ठेवले. मग म्हणाली, “आणि आपण खायचं काय?”

“खाटेचे खूर.”

“खांदा?”

“दुखेल.”

“या वेळी दुखत नाही म्हणून सांगू नका, म्हणजे झालं,” ती म्हणाली, आणि डोळे पुसत चुलीपाशी गेली.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ डोहावर जाऊ लागला. बिनगळाची मासोळी सोडायची, मासे जवळ आले की बांबूने पाणी झोडपायचे. पहिल्या दिवशी ते पळाले आणि पीठ मिळेल म्हणून परत आले. तिसऱ्या दिवशी त्याने दगड मारले. लहान मासे येईनासे झाले, मोठे येतच राहिले. पाचव्या दिवशी एकटी म्हातारी मादी उरली. तिला बांबूच्या आवाजाची सवय झाली होती. मासोळी तोंडात घेऊन ती त्याच्या पायाशी आली आणि थांबली.

बोधिसत्त्वाने बांबू उचलला. पाण्यावर मारला तर ती पुन्हा येईल, हे त्याला ठाऊक होते. त्याने तिच्या पाठीवर मारला. दोन खवले पाण्यावर तरंगत राहिले. तो गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात खूप वेळ उभा होता. सहाव्या दिवशी कोणी आले नाही. सातव्या दिवशीही नाही.

उत्सवाला शंभर माणसे काठावर बसली. दिवसभरात एकही दोर ताणला गेला नाही. लोक भद्रिलाला नाही नाही ते बोलून गेले. भद्रिलाने काठावरचा चिरलेला बांबू पाहिला आणि तो तडक मित्राच्या घरी आला.

“तू केलंस हे?”

“हो.”

“माझं नाव घालवलंस. माशांसाठी?”

“त्यांना माणसाची भीती होती. ती मीच घालवली होती, भद्रिल. तुझ्या दुकानातल्या मासोळ्या परत दे. त्यांच्या जागी खाटा करून देतो, लागतील तेवढ्या.”

भद्रिल रागाने निघून गेला. महिनाभराने त्याने मासोळ्या टोपलीत घालून परत पाठवल्या, आणि खाटा मागितल्या. बोधिसत्त्व पुढे पुष्कळ वर्षे जगला. संध्याकाळी तो डोहावर जाई. मासे लांब, पार पलीकडे उसळत. त्याची सावली पाण्यावर पडली की त्यांचे उसळणेही थांबे.

पुढच्या एका जन्मी हाच बोधिसत्त्व बुद्ध झाला; त्या शास्त्यांनी ही कथा एका भिक्षूला सांगितली होती. विहाराजवळच्या रानात तो हरणांना हाताने चारा घाली. हरणे माणसाला भिईनाशी झाली, आणि पारधी त्याच वाटेवर येऊन उभे राहू लागले. “भंते, मी चारा घालणे बंद केले तर पुरे ना?” असे त्याने विचारले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा भद्रिल आज नगरात दोर विकणारा उपासक आहे. वसुला आज भिक्षुणीसंघात आहे. तो कातारी मीच होतो, आणि त्या जन्मी मी मैत्री ही पारमिता, म्हणजे जीवमात्राचे हित पाहण्याचा गुण, पूर्णत्वाला नेली. आणि कल्ल्यापाशी पांढरा डाग असलेली ती मादी, भिक्षू, तू होतास.”

बाहेर चाऱ्याची वेळ झाली होती, आणि कुंपणाशी हरणे उभी होती. भिक्षूने वंदन केले, दाराशी ठेवलेली काठी उचलली, आणि तो त्यांना हाकलायला त्यांच्याकडे चालत गेला.