दोनशे बारावं पेपरवेट

करंजवण्याचे राजे विश्रामराव यांनी दवंडी पिटवली, "संस्थानातलं प्रत्येक जुनं, नक्षीदार पेपरवेट आठ दिवसांत वाड्यावर जमा झालं पाहिजे! लपवील त्याला दंड!"

राजांना पेपरवेटांचा नाद होता. नाद कुणाला नसतो? कुणाला कबुतरांचा असतो, कुणाला कुस्तीचा. हा त्यातल्या त्यात शांत नाद. काचेच्या कपाटात दोनशे अकरा पेपरवेटं मांडलेली होती आणि एकाखालीही कागद नव्हता. कपाटात वारा येत नाही, मग तिथे कागदाचं काय काम?

वारा होता तो कचेरीत. छताला भलामोठा कापडी पंखा, तो ओढायला धडधाकट माणूस, आणि मेजांवर पेपरवेट एकही नाही. सगळी कपाटात गेलेली. कारकुनांनी कागदांवर तांब्या ठेवला, अडकित्ता ठेवला, नारळ ठेवला. नरहरपंत कारकुनांना काहीच सापडलं नाही, म्हणून ते चार गावांच्या कागदांवर स्वतःच बसले. आज त्यांचा तिसरा दिवस होता. डबा तिथेच येई.

कचेरीबाहेर पिंपळाखाली भिवा अर्जनवीस बसे. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, हा त्याचा धंदा. डावा हात तरुणपणीच गुऱ्हाळाच्या चरकात गेलेला. उजव्या हाताने लिहायचं, तर कागद कोण धरणार? ते काम एक काचेचा गोळा करी. लिंबाएवढा, आत निळं फूल, बदलून गेलेल्या कुठल्याशा साहेबाने दिलेला. शिपायांनी नेमका तोच उचलून नेला. त्या दिवशी भिवाचे तीन अर्ज उडाले आणि चौथा बैलाने खाल्ला. संध्याकाळी भिवा घरी आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. ते त्याच्या लेकीने, सगुणेने, पाहिलं.

सकाळी ती थेट राजांपुढे उभी राहिली.

"महाराज, आमचा गोळा परत द्या. तो माझ्या बापाचा डावा हात आहे!"

राजे गोळा उजेडात धरून निरखत होते. "बुडाला ओरखडे बघ कसे आहेत! वर्षानुवर्षं वापरल्याची खूण. खोट्या मालाला हे जमत नाही."

"ते ओरखडे माझ्या बापाने पाडलेत, महाराज."

"त्याला आमची शाबासकी कळव."

सगुणा जागची हलली नाही. तेव्हा राजे म्हणाले, "बरं, देतो परत. पण बदल्यात माझ्याकडे नाही असं पेपरवेट आण! काच नको, दगड नको, धातू नको, लाकूड, माती, हस्तिदंतही नको. लिंबाहून मोठं नको. कचेरीतल्या पंख्याखाली कागद हलता कामा नये. आणि पाहुणे आले की पेपरवेट खिशात घालून जातात, म्हणून एकदा ठेवलं की ते कुणाला उचलता येऊ नये. मलासुद्धा!"

कारभारी दाजीसाहेब खो खो हसले. "उद्या दुपारपर्यंत आण हो! नाहीतर गोळा कायमचा इथेच."

निघताना सगुणेने एक गोष्ट पाहिली. कारकुनाने मोहरेसाठी कागद आणले, त्यावर नुकतंच जमा झालेलं चांदीचं कासव ठेवलेलं. राजांनी डाव्या हाताने कासव उचलून निरखलं आणि उजव्या हाताने मोहर उठवली. कागदाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

संध्याकाळी भिवाने चार ओळी लिहिल्या. कागद सगुणेने धरला.

दुसऱ्या दिवशी सगळे कचेरीत जमले. सगुणा आली ती एक कागद आणि लाखेची कांडी घेऊन.

"पेपरवेट कुठाय?" राजांनी विचारलं.

"इथेच करायचंय, महाराज, आणि तेही आपल्या हातांनी. म्हणजे खोटा माल म्हणायला नको!"

तिने कागद मेजावर पसरला. दिव्यावर लाख वितळवून कागदाच्या चारी कडांवर थेंब पाडले, अर्धे कागदावर, अर्धे मेजावर. "आता मुद्रेची अंगठी दाबा."

पेपरवेट जन्माला येताना राजांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मोठ्या हौसेने चारदा अंगठी दाबली.

"ओढा पंखा!" सगुणा ओरडली.

पंखा सुटला. दाजीसाहेबांचं उपरणं खिडकीबाहेर गेलं. नरहरपंतांनी मेज दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कागद मात्र हलला नाही.

"काच नाही, दगड नाही, लिंबाच्या बीएवढं आहे. आता उचला, महाराज!"

राजांनी हात पुढे केला.

"थांबा, सरकार!" दाजीसाहेब किंचाळले. "राजमोहर तोडील त्याला सहा महिने तुरुंग, मग तो कुणीही असो! आपल्या आजोबांचा कायदा आहे."

"म्हणजे मीसुद्धा?"

"'कुणीही असो' हे शब्द आजोबांनी सरकारांच्या वडिलांकडे बघूनच घातले होते."

राजांनी हात पाठीमागे नेला. "जिंकलीस, पोरी! पण जमा झालेली वस्तू परत द्यायची तर लेखी हुकूम लागतो. अर्ज कर. महिन्या-दोन महिन्यांत बघू."

"अर्ज केलाय, महाराज. मंजूरही झाला."

"कधी?"

"आत्ताच! मोहरा कशावर उठवल्यात ते वाचा की."

राजे आयुष्यात पहिल्यांदा कागदावर वाकले. भिवाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "भिवा अर्जनवीसाचा गोळा त्यास आजच परत द्यावा. कचेरीची पेपरवेटं कचेरीस परत द्यावीत. हुकूम."

राजांनी ते दोनदा वाचलं. मग ते असे हसत सुटले, की पंखा ओढणाराही दोरी सोडून हसायला लागला!

"या मेजाला दोनशे बारावा नंबर द्या!" राजे डोळे पुसत म्हणाले. "भिवाचा गोळा आणा! आणि पोरी, उद्यापासून मोहर उठवण्याआधी प्रत्येक कागद मला तू वाचून दाखवायचास. पगार कारभाऱ्यांच्या निम्मा!"

"वाचीन, महाराज. पण आधी गोळा पोचवून येते. पिंपळाखाली गिऱ्हाइकं खोळंबलीत."

दाजीसाहेब तेवढे हसले नाहीत. शिपायाने कपाटातलं एक पेपरवेट आणून नरहरपंतांच्या हातात दिलं, आणि पाचव्या दिवशी नरहरपंत उठले.