चार गाद्या, एक तारा

“नेटवर एकच तारा देईन म्हटलं, की हे होमस्टेवाले मुकाट नमतात,” पाहुणे सबनीससाहेब बायकोला सांगत होते. मागीलदारी कपडे वाळत घालणाऱ्या शर्वरीने ते ऐकलं. आंजर्ल्याच्या त्या घरची ती नवी, अबोल सून.

चौघांचं बुकिंग करून साहेबांनी आठ जण आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सासऱ्यांवर गरजले, “आणखी एक दिवस फुकट ठेवा, नाहीतर एकच तारा!”

दिवाळीचे पाहुणे तारे बघूनच यायचे. सासरे कावरेबावरे झाले.

शर्वरीने हळूच विचारलं, “काय कमी पडलं, काका?”

“आठ माणसांना चार गाद्या! झोपायचं कसं?”

साहेबांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

“मग एकच तारा का, काका?” शर्वरी म्हणाली. “आत्ता तोडलेत ते सगळे तारे द्या. खाली ‘बुकिंग चौघांचं होतं’ एवढं आम्ही लिहू.”