लोणच्याच्या बरण्या आणि साहेबांचा पाळणा

लोणच्याच्या कारखान्यात बरण्या फिरवणाऱ्या टेबलाला वेग आणि जोर आकड्यांनी ठरवता येणारी नवी सर्वो मोटर बसली आणि पहिल्याच दिवशी हिसक्यांनी अकरा बरण्या फुटल्या. कारखान्याचे इंजिनिअर कर्णिकसाहेब यांनी खापर हौसाबाईंच्या डोक्यावर फोडलं.

"सेटिंग मी स्वतः केलंय. तुम्हालाच बरण्या मांडता येत नाहीत. उद्यापासून मिरच्या निवडा."

बावीस वर्षं बरण्या मांडणाऱ्या हौसाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. पण साहेबांच्या लेकीच्या बारशाचे पेढे त्यांनी कालच खाल्ले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पाळणा आणलात तेव्हा झोका देऊन बघितलात का?"

"बघितला की! चांगला जोरात."

"आणि लेकीला ठेवल्यावर?"

साहेबांचा आवाज आपोआप उतरला. "हळू. अगदी हळू."

"मग या मोटरीला रिकाम्या पाळण्याचा झोका का शिकवलात? सेटिंग करताना टेबलावर एकही बरणी नव्हती."

साहेब ओशाळले. त्यांनी हौसाबाईंकडूनच भरलेल्या बरण्या मांडून घेतल्या आणि मोटरीत लोडचा म्हणजे वजनाचा, टॉर्कचा म्हणजे फिरवण्याच्या जोराचा आकडा नव्यानं भरला. टेबल फिरलं, पण बरणीतलं तेलसुद्धा डचमळलं नाही.

हौसाबाई हलकेच म्हणाल्या, "हां. आता निजेल बाळ."