भद्रपाळ राजाचा राहिलेला निरोप

एका राज्यात मेलेली माणसे निरोप घेतल्याशिवाय जात नसत.

निरोपाची रीत अशी. घरात कुणी गेले की उंबऱ्यात तिघांनी बसायचे. एक, ज्याची गेलेल्यावर माया होती. दुसरा, ज्याच्या मनात त्याच्याविषयी अढी होती. तिसरा, ज्याचा त्याच्याशी कसलाच संबंध नव्हता. तिघांनी आपापले सांगायचे आणि समोर बसलेल्या जुळवणारीने ऐकायचे. ती प्रत्येकाला तीन प्रश्न विचारी. तू कुठून पाहिलेस? तुला कुणी सांगितले? असे सांगून तुला काय मिळते? मग सगळे चाळून, पाखडून जे हाती उरेल ते ती मेलेल्याला ऐकवी. मेलेला ते ऐके, त्यात स्वतःला ओळखे, उठे आणि दारातून निघून जाई.

भद्रपाळ राजा गेला तेव्हा ही रीत मोडली. नदीपलीकडच्या डोंगरात कालजंघ नावाचा मांत्रिक शापित धनावर बसला होता. त्याच्याशी लढायला राजा एकटाच गेला, आणि नदीच्या वाळूत मेलेला सापडला. घाटावर विजयस्तंभ उभा होता. भद्रपाळाने पूर चढलेली नदी ओलांडली, कालजंघाला गुडघे टेकायला लावले, असे त्यावर कोरले होते. प्रधानांनी पुढचे जोडले: परतताना मांत्रिकाने मागून मंत्र टाकला. राजपुत्र उदयपाळ तेव्हा कोवळा होता. त्याने सांगितले की माझ्या वडिलांवर अढी असलेला माणूस या राज्यात नाही. मग तीनही जागी भाट बसवले. तिघांचे सांगणे एकच, तेव्हा जुळवणारी कशाला, असे म्हणून तिला बोलावलेच नाही.

मेलेला राजा उठला, पण दाराकडे गेला नाही. तो सिंहासनावर जाऊन बसला. आणि त्या दिवसापासून राज्यातला एकही मेलेला उठेना. निरोप नीट झाले तरी उठेना. घरोघरी मेलेली माणसे बसून राहिली. चुलीपाशी, जात्यापाशी, परसात. ती बोलत नसत, खात नसत. दिवस मावळला की भिंतीला टेकत आणि उघड्या डोळ्यांनी पाहत राहत.

त्याहून भयंकर एक गोष्ट होती, ती हळूहळू कळली. राहिलेला मेलेला माणूस घरचे त्याच्याविषयी जे बोलतील तसा होत जाई. कंजूष आजोबांना घरचे दानशूर म्हणू लागले, तर त्यांच्या मुठी उघड्या पडल्या, त्या पुन्हा मिटल्या नाहीत. राजाचे तर सगळे राज्यच गुणगान करी. तो उंच होत गेला, तेजाळत गेला, आणि शेवटी त्याच्या तोंडावर नाकडोळे उरले नाहीत; गुळगुळीत सोन्याचा गोळा तेवढा राहिला. उदयपाळ त्याच्या शेजारी चौरंगावर बसून राज्य करी. ज्या ज्या शहाण्यांनी त्या सोन्यासमोर उभे राहून राजाची हकिगत पुन्हा सांगून पाहिली, त्यांची वाचा गेली. ते रस्त्याने नुसते ओठ हलवत फिरत.

सुगुणा ही त्या नगरीतली जुळवणारी. तिची एकुलती मुलगी बकुळा तापाने गेली होती आणि माजघरात खांबाला टेकून बसलेली होती. लोक म्हणत, सुगुणेचे बरे आहे, लेक घरातच आहे. सुगुणालाही ते बरे वाटे. ती तिच्या केसांना तेल लावी, दिवसभराचे सांगे, आणि सांगता सांगता म्हणे, माझी बकुळा किती शांत, किती गुणाची. एका सकाळी वेणी घालताना तिने मुलीचे तोंड उजेडाकडे वळवले. वाकडे दात सरळ झाले होते. कपाळावरची रागाची आठी पुसली होती. समोर एक देखणी, शांत मुलगी बसली होती आणि सुगुणा तिला ओळखत नव्हती.

ती तशीच उठली आणि दरबारात गेली.

उदयपाळ राजाने तिला आडवळणाने बजावले की वाचा गेली तर तुझा धंदाही जाईल आणि मुलगी कायमची तशीच राहील. सुगुणा म्हणाली, "महाराज, ती होती तशीच राहिली असती तर मी आले नसते. तुमच्या वडिलांचा निरोप मी जुळवते. तीन सांगणारे मला शोधू द्या."

"माणसांपैकी कुणी तिथे नव्हतं."

"मग जे होतं त्याला विचारते."

पहिल्यांदा ती घाटावरच्या स्तंभाकडे गेली. त्या राज्यात दगडांना बोलता येई, पण त्यांना कुणी काही विचारत नसे, वाचून निघून जात. सुगुणाने अक्षरांवर हात ठेवला नाही. ती मागे गेली, जिथे दगड कोरा होता, आणि तिथे पाठ टेकून बसली. ऊन उतरेपर्यंत दोघे गप्प होते. मग तिने रीतीप्रमाणे विचारले, तू कुठून पाहिलेस?

स्तंभ म्हणाला, "मी काहीच पाहिलं नाही. मला पुढून बोलायला लावलं आहे."

तुला कुणी सांगितले?

"पाथरवटाने. त्याला प्रधानाने. राजा तेव्हा वाड्यात जेवत होता."

सुगुणाला वाटले आपण चुकीचे ऐकले. तिने पुन्हा विचारले. दगडाने पुन्हा तेच सांगितले. छिन्नीचा शेवटचा घाव पडला, गावाला गूळ वाटला, ढोल वाजले, आणि त्यानंतर राजा नदीवर आला. स्तंभासमोर तो बराच वेळ उभा होता. त्याने स्वतःच्या विजयाची हकिगत वाचली. मग पाण्याकडे पाहिले.

"असं सांगून तुला काय मिळतं?"

"मी दगड आहे," स्तंभ म्हणाला.

सुगुणाने त्याला मनात तिसऱ्या जागी बसवले, संबंध नसलेल्याच्या.

दुसऱ्यांदा ती रानात गेली. राजाची एक लाडकी साळुंकी होती; राजा गेल्यावर ती पिंजऱ्यातून उडाली होती. ती उंबराच्या झाडावर सापडली, म्हातारी, पिसे झडलेली. सुगुणाला पाहताच ती भाटांच्या आवाजात राजाची स्तुती बोलू लागली, आणि प्रत्येक ओळीनंतर मान वाकडी करून तिच्या हाताकडे पाहू लागली. सुगुणाने ओळखले की हे पेरूच्या फोडी देऊन शिकवलेले आहे. तिने हात पदराखाली घेतले. साळुंकीने सगळी स्तुती संपवली, वाट पाहिली, चिडली, चार शिव्या दिल्या. त्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याच्या होत्या. सुगुणा बसूनच राहिली.

पक्षी दमून डोळे मिटू लागला तेव्हा त्याच्या गळ्यातून एक हलका आवाज आला. कुणाच्या कानाशी लागून बोलावे तसा.

"आई, पाणी फार आहे गं. मला पोहता येत नाही. उद्या जाऊ का? नको. दगड उभा राहिला आहे."

आणि साळुंकीने फोड मागितली नाही.

सुगुणाने आवाज ओळखला; तो भद्रपाळाचा होता. राजाची आई त्याच्याआधी कितीतरी वर्षे गेली होती. तिचा निरोप सुगुणानेच जुळवला होता. तेव्हा भद्रपाळ उंबऱ्यात बसला होता, ठेंगणा, थोडा पोक काढलेला, बोलताना अडखळणारा माणूस. पाखराला अर्थ कळत नाही, म्हणून त्याला मनचे खोटे रचताही येत नाही. पण एवढ्यावर विसंबणे बरे नव्हते. ते आवाज सांगते, त्यानंतर काय घडले ते सांगत नाही. शिवाय अढी असलेला अजून बोलला नव्हता.

तिसऱ्या सांगणाऱ्यासाठी तिने नदी ओलांडली. नावाड्याने तिला पलीकडे सोडले आणि तो मागे न पाहता परत फिरला.

गुहेत कालजंघ धनाच्या ढिगावर बसला होता. त्या धनाला शाप असा होता की जो त्यावर बसेल तो त्यातलाच होईल. मांत्रिकाचे पाय मांडीपर्यंत सोन्याचे झाले होते. तो तिथून हलू शकत नव्हता. गुहेत वाऱ्याचाही आवाज नव्हता.

सुगुणाने राजाचे नाव काढताच तो हसला. म्हणाला की हो, मीच त्याला मारले. इथे या तोंडाशी तो आला, ताडासारखा उंच, आवाज नगाऱ्यासारखा. मी दोन अक्षरे उच्चारली आणि तो कोसळला.

 दगडावर कोरलेले आणि शत्रूच्या तोंडचे जुळत होते. राजाने नदी ओलांडली, यावर दोघांचे एकमत होते. दुसरी कुणी असती तर तिने इथेच गाठ मारली असती. सुगुणाने आपला तिसरा प्रश्न विचारला. असे सांगून तुम्हाला काय मिळते?

 मांत्रिकाने बोलणे वळवले.

"बाई, तुझ्या घरी मुलगी बसली आहे. मी सांगतो तेच दरबारात सांग. तुझी वाचा मी राखीन. आणि मुलगी बोलू लागेल. आई म्हणून हाक मारेल."

सुगुणा एक पाऊल पुढे आली. तिने विचारले, "काय बोलेल ती?"

"तू सांगशील ते."

बराच वेळ ती त्याच्या सोन्याच्या पायांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मांत्रिका, भद्रपाळ ठेंगणा होता. बोलताना अडखळायचा. तुम्ही त्याला कधीच पाहिलं नाही."

कालजंघाचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला. तो म्हणाला, "मी वाट पाहिली. सांगावा आला होता की राजा येतो आहे. मी मंत्र घोकून ठेवले होते. कुणी आलं नाही. मग वाटसरूंच्या तोंडून ऐकलं की मी त्याला मारलं. तेव्हापासून इकडे चोर फिरकत नाहीत. मी नाही म्हणालो नाही."

"अढी आहे ना मनात?"

"आहे. मला वाट पाहायला लावली त्याने."

सुगुणा परतली. भरल्या दरबारात, दिवसाउजेडी, ती सोन्याच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली. आधी तिने उदयपाळाला सगळे सांगितले, कोण बोलले, कुठून बोलले, कुणाचे किती धरायचे आणि का. स्तंभाची अक्षरे आणि मांत्रिकाची बढाई एकच सांगतात, पण अक्षरे कोरवणाऱ्यालाही आणि मांत्रिकालाही त्या खोट्याचा फायदा आहे, म्हणून ते दोन मिळूनही एक होत नाही. उदयपाळ चौरंगावरून उठला. प्रधान खाली पाहू लागले.

"माझा बाप बुडून मेला, असं तू सांगणार?"

"तो भीत होता आणि तरी पाण्यात उतरला, असं सांगणार. तो का उतरला तेही सांगणार. नको म्हणालात तर परत जाते."

उदयपाळाने सिंहासनाकडे पाहिले. मग त्याने होकाराची मान हलवली.

सुगुणा सिंहासनाकडे वळली. तिचा आवाज मोठा नव्हता. "भद्रपाळ महाराज, तुम्हाला पोहता येत नव्हतं. तुमचा विजय तुमच्याआधी कोरून झाला होता. तो खोटा पडू नये म्हणून तुम्ही पुरात पाय टाकला. तुम्ही नदी ओलांडली नाही. तुम्ही कुणाशी लढला नाही. कुणी तुम्हाला मारलं नाही. जाताना तुम्ही आईला विचारलंत. एवढंच मला कळलं. आणखी काय घडलं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी सांगत नाही."

सोन्याच्या गोळ्याला चीर गेली. आतून पाणी आले, गढूळ, नदीचे. ते पायऱ्यांवरून वाहत दरबारभर पसरले, आणि सिंहासनावर एक ठेंगणा, ओलाचिंब, पोक काढलेला माणूस बसलेला दिसला. त्याने मुलाकडे पाहिले. काहीतरी बोलायला गेला, अडखळला, आणि उठून दारातून निघून गेला. उदयपाळ त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत धावला आणि तिथे बसून लहान मुलासारखा रडला.

त्या क्षणी वाचा गेलेले शहाणे बोलू लागले. डोंगरात कालजंघाला आपल्या पायाची बोटे हलवता आली. घाटावरच्या स्तंभाची अक्षरे गळून पडली, आणि त्याची दोन्ही अंगे सारखी झाली.

मग नगरीत निरोप सुरू झाले. सुगुणा घरोघर गेली. शेवटी तिचे स्वतःचे घर उरले.

आपल्या घरचा निरोप जुळवणारीला जुळवता येत नाही. उदयपाळ राजा आपण होऊन आला आणि तिच्या उंबऱ्यासमोर, जुळवणारीच्या जागी, मांडी घालून बसला. संबंध नसलेल्याच्या जागी एक वाटसरू कासार होता; त्याने एकदा बकुळाच्या हातात बांगड्या भरल्या होत्या. अढीच्या जागी शेजारची धोंडाई बसली. माया असलेली सुगुणा.

कासार म्हणाला की पोरीने बांगडी भरताना हात ओढून घेतला नाही, पण दुखले तेव्हा मला मेल्या म्हणाली.

धोंडाई पदर खोचून म्हणाली, "सुगुणे, राग मानू नकोस, विचारलं म्हणून सांगते. तुझी लेक मुलखाची खोडकर. माझ्या लोणच्याच्या बरणीत हात घालायची. पकडली तर म्हणायची, मावशी, मीठ कमी पडलंय. आणि तोंड वेंगाडून हसायची. सुनेसमोर माझी लाज काढली तिने. मीठ खरंच कमी होतं, ते वेगळं."

माजघरात खांबापाशी काहीतरी हलले. कुणी तिकडे पाहिले नाही.

सुगुणाची पाळी आली. ती सांगू लागली, शांत होती, गुणाची होती, आणि सांगतच राहिली. पहिल्या दिवसापासूनचे, बारीकसारीक, संपू न देता. राजाने तिला थांबवले नाही. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्याने रीतीप्रमाणे विचारले.

"तू कुठून पाहिलंस?"

"जवळून."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"असं सांगून तुला काय मिळतं?"

सुगुणाने डोळे मिटले. मग म्हणाली, "ती आणखी थोडी थांबते."

राजाने मान खाली घातली. मग तो खांबाकडे वळला आणि जे चाळून उरले होते ते मोजक्या शब्दांत बोलला. त्यात लोणचे होते, कासाराला दिलेली शिवी होती, आणि आई होती.

बकुळा उठली. धोंडाईजवळून जाताना तिने तोंड वेंगाडले. आईपाशी ती थांबली नाही. घाईत असलेली पोर जशी जाते तशी ती उंबरा ओलांडून, ओढणी मागे उडवत, उन्हात निघून गेली.

त्या राज्यात पुढे मेलेले जात राहिले आणि मागे उरलेले जिवंत त्यांना होते तसे आठवत राहिले. ही कहाणी ज्यांनी सांगितली ते गेले, ज्यांनी ऐकली ते आहेत.