सारजेचा बांध

वरसईच्या माळावर भाद्रपदात गेलात तर शेते निंदून लख्ख केलेली दिसतात, बांधावर मात्र कुर्डूची रोपे कंबरभर वाढलेली. गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांवर मधमाश्यांची नुसती घाई. "निंदायचा कंटाळा केलेला दिसतोय," असे पाहुणे म्हणतात. मग गावातले म्हातारे कोंडाजीबाबा त्यांना बसवून घेतात आणि ठकूबाईची हकिगत सांगतात.

ठकूबाईच्या शेतात तणाची काडी राहत नसे, म्हणे. शेजारचे शेत तिच्या धाकट्या विधवा जावेचे, सारजेचे. सारजेच्या घरचे सारे पोट बांधालगतच्या भोपळ्याच्या वेलांवर. ती माहेरी गेली असताना ठकूबाईने तिच्या बांधावरचा कुर्डू मुळासकट उपटून टाकला.

"सारजे, बांध बघ कसा आरशावानी केला! आता तुला कोन आळशी म्हनायचं न्हाई."

सारजा वेलांकडे वळली. वेल फुलले, पण फुलामागचे इवले फळ पिवळे पडून गळू लागले. सारजेनेच देवीचा काही नेम मोडला असणार, असे गाव म्हणू लागले. कुर्डूवरून भोपळ्यावर जाणाऱ्या माश्या आता फिरकत नाहीत, हे ठकूबाईला दिसत होते. तरी सारजेचा न्याय करायला देवळात गाव जमले तेव्हा ती मान खाली घालून बसली. सारजा लेकरे घेऊन माहेरी निघून गेली.

ठकूबाईला सारजेचे ओसाड शेत बघवेना. कोणी तिच्या शेताची तारीफ केली, की जास्तच. पुढच्या पावसात तिने सारजेच्या बांधावर कुर्डू पेरला, मागे भोपळ्याचे वेल लावले.

"ठके, तण पेरतात व्हय गं कुटं?" बाया हसल्या.

माश्या आल्या, भोपळे धरले. पहिला भोपळा डोक्यावर घेऊन ती सारजेच्या माहेरी गेली आणि रडत रडत सगळे सांगितले.

सारजेने भोपळा उतरवून घेतला. "आक्का, हे मला म्हाईत हुतं. गावात बोललीस का?"

ठकूबाई आल्या पावली परतली. देवळापुढे उभी राहून, सासऱ्या-दिरांदेखत, तिने आपल्या तोंडाने सांगितले, "सारजेचं पीक माझ्या हातानं गेलं." सारजा परत आली की नाही, याबद्दल दोन मते आहेत.

आजही वरसईची कोणतीही बाई निंदत बांधाशी पोचली की खुरपे खाली ठेवते आणि म्हणते, "माझ्या हातानं गेलं." हे मोठ्याने म्हणावे लागते. मनातल्या मनात म्हटलेले इथे धरत नाहीत.