ड्रमवाल्या सशाच्या जागी कोण

संगणक माणसांच्याही आधी मुंगसांकडे होते, त्या काळातली गोष्ट. गोंद्या मुंगूस आणि डुंबू बेडूक बिळातच मेटलची, म्हणजे आरोळ्या ठोकत गायच्या दणदणाटी रॉकची, गाणी रेकॉर्ड करत. त्यांचा ड्रमवाला ससा उन्हाळ्यात वारला आणि एक गाणं अर्धंच राहिलं. ते पुरं करायला गोंद्याने संगणकावर ड्रम वाजवणारे दोन प्रोग्राम आणले.

पहिला म्हणाला, "माझ्याकडे चार हजार ढोल आहेत. कणभरही चुकणार नाही."

तो धडधडू लागला, डुंबू आरोळ्या ठोकू लागला आणि तिसऱ्या ओळीला जांभळा होऊन आडवा पडला.

"अरे, श्वास घे ना," गोंद्या म्हणाला.

"घेऊ कधी, दादा? हा मध्ये थांबतच नाही. ससा माझं पोट बघून वाजवायचा."

"पोटं बघणं माझं काम नाही," पहिला ताठपणे म्हणाला.

दुसऱ्याकडे जेमतेम सहा आवाज होते. त्याने अदबीने विचारलं, "बेडूकराव, पोट एकदा फुगवून दाखवता का?"

डुंबूने दाखवलं. मग वाजवताना दुसऱ्याने प्रत्येक ओळीनंतर ते पोट फुगायला लागेल बरोबर तेवढीच जागा सोडली.

गाणं पुरं झालं. ससा कुठे संपतो आणि प्रोग्राम कुठे सुरू होतो, ते डुंबूच्या पोटालाही कळलं नाही.